पालकांना घेऊन या

मी वर्षाला पाचशे पोरांना बीजांडनलिका शिकवते. फळ्यावर आकृती काढते, बाण मारते, नावं देते. 'मॅडम, हे परीक्षेत येतं का?' असं कुणी विचारलं की 'आयुष्यात येतं' असं सांगून पुढं जाते. आणि माझ्या स्वतःच्या बीजांडनलिकेचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी आईला घेऊन या."

आमच्या क्लासमध्ये ही शिक्षा आहे. चाचणीत कुणाचे मार्क घसरले की त्याला सांगायचं, पालकांना घेऊन या. मग देगलूरहून, किनवटहून कुणाचा तरी बाप कामधंदा सोडून येतो, ऑफिसच्या बाकड्यावर अंग चोरून बसतो आणि पोरगं शेजारी मान खाली घालून उभं राहतं. ही शिक्षा मी कितीतरी पोरांना ठोठावलेली आहे. ती माझ्याच वाट्याला येईल असं काही वाटलं नव्हतं. मी चोवीस वर्षांची, लग्न झालेली, एका मुलीची आई. नांदेडात श्रीनगरपासून वर्कशॉप कॉर्नरपर्यंत विजेच्या खांबांवर माझा फोटो लटकतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'बायोलॉजी म्हणजे एसजी मॅडम'. पोरं एसजी म्हणतात. खरं नाव शिवगंगा.

काम अगदी साधं होतं. मला कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. मनस्विनी दोन वर्षांची झाली होती आणि मला एकच मूल हवं होतं. तांबी बसवून पाहिली, तर महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं. गोळ्या घेतल्या, तर डोकं असं दुखायचं की फळ्यावरची अक्षरं नाचायची. आणि या सगळ्याच्या आधी, मुळात, मला दुसरं नको होतं. हे वाक्य लोकांना फार छोटं वाटतं. त्याच्यापुढं काहीतरी असेल म्हणून ते थांबून बघत राहतात.

पहिल्यांदा मी लातूरच्या एका डॉक्टरांकडं गेले, कारण शिकले तिथंच. ते म्हणाले, मिस्टरांना आणा. नवऱ्याला नेलं तर म्हणाले, घरातल्या मोठ्या माणसांना विचारलं का? नांदेडच्या एका दवाखान्यातल्या सिस्टरनं वयही विचारलं नाही. "एक पोरगीच हाय? मग पोरगं झाल्यावर ये की," म्हणाली आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं. मी तिथंच उभी राहून तिला नियम सांगितला: लग्न झालेलं हवं, वय बावीसच्या वर हवं, एक मूल हवं आणि ते वर्षाच्या वरचं हवं. नवऱ्याची सही लागत नाही. मुलगाच हवा असं तर कुठंही लिहिलेलं नाही. सिस्टर म्हणाली, "मॅडम, नियम लई असतेत." माझा पारा चढतो तेव्हा मी शुद्ध बोलायला लागते. त्या दिवशी मी फार शुद्ध बोलले, पण ऑपरेशन काही झालं नाही.

मग डॉ. बिलकीस. वजिराबादेत त्यांचा दवाखाना आहे, वडिलांच्या अत्तराच्या दुकानाच्या वरच. नांदेडातल्या निम्म्या बायका त्यांच्याच हाताखालून गेल्या असतील. त्यांची धाकटी मुलगी बुशरा माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. म्हणून त्या मला मॅडम म्हणतात आणि मीही त्यांना मॅडम म्हणते. आमचं बोलणं ऐकणाऱ्याला वाटावं की दोघींपैकी कुणालाच नाव नाही.

त्यांनी नवऱ्याचं विचारलं नाही, सासूचं विचारलं नाही. नेहमीची चौकशी केली. बीपी, शुगर, आधीचं ऑपरेशन, मोठा आजार.

"लहानपणी कावीळ झाली होती," मी म्हटलं. "तीन-चार वर्षांची असताना. बरीच जोरात होती म्हणे."

हे मी शाळेतल्या तपासणीपासून सगळ्यांना सांगत आले आहे. मला ती आठवतेही. आमच्याकडं काविळीला मंतरलेली माळ घालतात. वाळक्या काड्यांची असते, आधी टाळूवर जेमतेम बसते, मग रोज वाढत गळ्यात येते, गुडघ्यापर्यंत लोंबते, आणि कावीळ उतरली असं लोक म्हणतात. दोरा सैल होतो म्हणून ती वाढते, हे आता मीच वर्गात सांगते आणि पोरं हसतात. पण त्या माळेचा गळ्यावरचा खरखरीतपणा मला आठवतो. त्या काविळीपायी आईनं मला जन्मभर तळलेलं खाऊ दिलं नाही. भजी, वडे, पुऱ्या सगळं बंद. पुढं मलाच सवय लागली आणि लग्नानंतरही मी पुरीच्या पंगतीत पोळी मागून घेत राहिले.

डॉक्टर मॅडमनी कावीळ टिपून घेतली, वय पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "मॅडम, मी तिशीच्या आत हे करत नाही. तुम्ही किल्लारीच्या भूकंपाचं ऐकलं असेल."

मी नुसती मान हलवली. त्या पुढं सांगू लागल्या.

"मी तेव्हा शिकत होते. भूकंपानंतर नळ्या परत जोडायच्या ऑपरेशनची शिबिरं लागली. दोन-दोन लेकरांवर ऑपरेशन करून मोकळ्या झालेल्या बायका, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, आणि लेकरं ढिगाऱ्याखाली गेलेली. एकीनं माझा हात धरला. म्हणाली, उघडा मॅडम, माझी पोरगी आत हाय. जशी काही पोटात कोंडून ठेवलीय आणि किल्ली माझ्याकडं आहे. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. जोडलेली प्रत्येक नळी चालतेच असं नाही. अल्ला न करो, पण उद्या तुमच्या मुलीला काही झालं, तर तुम्ही माझ्याच दारात येऊन रडणार."

ही गोष्ट त्या सगळ्यांना सांगत असणार. सांगण्यात सराव होता, पण खोटेपणा नव्हता. त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. म्हणून मला राग आवरता आला.

"त्या बाईला पुढं मूल झालं का?" मी विचारलं.

"झालं असेल. बऱ्याच जणींना झालं."

"मी त्यातलीच एक आहे," मी म्हटलं. "नळी जोडल्यावर झालेली. औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसनाच्या गावात."

त्यांनी चष्मा काढला. इतकी वर्षं त्या ही गोष्ट सांगत होत्या. त्या गोष्टीतलं पुढं जन्मलेलं लेकरू मोठं होऊन समोरच्या खुर्चीत बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मग तर तुम्हाला कळायला पाहिजे," त्या हळू म्हणाल्या. "ती नळी उघडली नसती तर तुम्ही नसता."

"नसते तर नसते. तुमच्याशी भांडायलाही आले नसते. पण आता आहे ना, म्हणून मला विचारा. माझ्या मनूला काही झालं तर मला दुसरी मनू नको आहे मॅडम. कारण ती मनू नसेलच. ती बिचारी कुणी वेगळीच असेल आणि मी तिला मनू म्हणत बसेन."

खाली रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते. डॉक्टर मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, आमची पोरं अवघड आकृतीकडं बघतात तशा.

"हे तुम्ही तुमच्या आईसमोर बोलाल?" त्यांनी विचारलं. "त्या आहेत ना?"

"आहेत."

"मग त्यांना घेऊन या. हे ऐकून त्या हो म्हणाल्या, तर मी करते. तुमच्या नवऱ्याची सही मला नको. पण ज्या बाईनं ते भोगलंय, तिच्यासमोर होऊ द्या."

आता या अटीला काय म्हणायचं? बुशराचं अख्खं भविष्य या बाईंनी डोळे मिटून माझ्या हातात दिलेलं, आणि माझं पोट माझ्या हातात द्यायला त्यांना माझी आई हवी होती. पण एक कबूल करते, अट ऐकून मी घाबरले. बाकी कुणालाही मी उत्तर दिलं असतं. आईला हे वाक्य मी कधीच ऐकवलं नव्हतं.

घरी सर्वेशला सांगितलं. सर्वेश रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आहे. गाडीला उशीर का झाला याची कारणं लिहिणं हे त्याचं काम, त्यामुळं घरात तो कुणालाच कारण विचारत नाही. त्यानं आपणहून म्हटलं होतं, की मी करून घेतो, पुरुषांचं तर सोपं असतं. माणूस चांगला आहे. पण मी नको म्हटलं. त्याच्या ऑपरेशनवर मी निश्चिंत राहायचं म्हणजे घर माझं आणि किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या खिशात. सासूबाईंनी मात्र दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी मनूला मांडीवर घेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "तुला भाऊ पायजे का गं बाई?" मनू म्हणाली, "बिस्कीट." तो विषय तिथंच मिटला.

आईकडं जायला मात्र मी आठवडा लावला.

माझं नाव माझ्या आधीचं आहे. भूकंपाच्या रात्री आई-बाबा शेतात उडदाच्या राशीवर राखणीला होते आणि दोन लेकरं गावात, दगडी घरात, आजीजवळ झोपलेली होती. सिद्धलिंग सात वर्षांचा आणि शिवगंगा चार वर्षांची. पहाटे घर बसलं. तिघंही गेली. आईचं ऑपरेशन शिवगंगाच्या पाठीवरच झालेलं होतं. पुढं शिबिरात नळी जोडली, दीड वर्षानं मी झाले, आणि आईनं माझं नाव शिवगंगा ठेवलं. आमच्याकडं हे एकट्या आईनं केलं नाही. नव्या गावात माझ्या वयाची निम्मी पोरं गेलेल्यांची नावं घेऊन फिरत होती. गावाच्या वेशीपाशी स्मारकाचा काळा दगड आहे, त्यावर गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. पहिलीत मला अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हा मी त्या दगडावर पहिल्यांदा जे पूर्ण नाव वाचलं ते माझं होतं. शिवगंगा गुरुबसप्पा, आडनावासकट. वर्गातली पोरं म्हणायची, तू तर मेलेली हायस. मी त्यांना बदडून काढायचे. मेलेली पोरगी इतक्या जोरात मारत नाही, हे त्यांना पटायचं.

रविवारी मनूला घेऊन एसटीनं निघाले. लातूरला बस बदलायची होती. स्टँडबाहेर जिकडंतिकडं क्लासचे फलक, गुणवंतांचे पासपोर्ट फोटो दाटीवाटीनं चिकटवलेले, अमक्याला इतके, तमकीला तितके. मी सवयीनं बायोलॉजीचे मार्क वाचत गेले. एका गाड्यावर मिरचीची भजी तळत होते. मनूनं हट्ट केला म्हणून तिला बटाट्याची दोन घेतली. मी वास घेतला आणि पाणी प्यायले.

आई अजूनही पत्र्याखाली झोपते. सरकारनं दिलेल्या स्लॅबच्या घरात धान्य आणि देव. बाबा गेले तेही त्या पत्र्याखालीच, साध्या तापानं. आई अंगणात तूर पाखडत होती. मनूला जवळ घेतलं, तिच्या हाताला तेल लागलेलं बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू न्हाई ना खाल्लीस? तुला कावीळ झालती."

"न्हाई खाल्ली," मी म्हटलं.

घरी गेलं की माझी भाषा आपोआप घरची होते. मी तिला सगळं सांगितलं. ऑपरेशन, डॉक्टर मॅडम, त्यांची अट. आईच्या हातातलं सूप थांबलं नाही.

"एकीवरच?" तिनं विचारलं.

"हाव."

"मी दोघांवर केलतं. सगळे म्हणले, झालं आता, मोकळी झालीस." तिनं खडा वेचून फेकला. "न्हाई. मी न्हाई येणार. मला असलं इचारू नगं."

मी समजून घ्यायला हवं होतं. पण मी समजून घ्यायच्या मूडमध्ये गेलेच नव्हते, मी उत्तर घ्यायला गेले होते. मी म्हटलं, "आई, ती गेली. मग तू मला आणलंस, तिचं नाव दिलंस. मला गूळ-दही आवडत न्हाई, तरी तू वाढतीस, कारण तिला आवडायचं. मी का वाढतीस म्हणून इचारलं न्हाई कधी. पण खरं सांग, तिची जागा भरली का?"

सूप थांबलं. मनू तुरीच्या ढिगात हात खुपसून खेळत होती. आई उठली, आत गेली आणि भाकरी थापायला लागली. थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. जेवताना तिनं मला दही वाढलं, गुळाचा खडा हातात घेतला आणि परत डब्यात ठेवला. परतीच्या बसमध्ये मला माझीच लाज वाटली आणि तरीही मी विचारलं त्याचा पस्तावा झाला नाही. दोन्ही एकदम वाटत होतं. मी ठरवलं, डॉक्टर मॅडमना सांगायचं, पालक येत नाहीत. काढायचं तर नाव काढून टाका. मग मी नाशिकला जाईन, पुण्याला जाईन, कुठंतरी माझं वय वाचता येणारा डॉक्टर असेलच.

चार दिवसांनी सकाळच्या बॅचला मी पेशीविभाजन शिकवत होते. ऑफिसमधली मुलगी दारात येऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्या आई आल्यात."

वर्गात हशा पिकला. 'मॅडमचे पालक आले' असं मागून कुणीतरी म्हणालंच. आई बाहेर बाकड्यावर बसली होती, बरोबर त्याच बाकड्यावर, अंग चोरून, मांडीवर कापडी पिशवी. पहाटेच्या गाडीनं निघाली असणार. मी पुढं गेले तर म्हणाली, "चल. कुठं हाय ती बाई?"

"तू न्हाई म्हणली होतीस."

"मी म्हणलं होतं, इचारू नगं. तू इचारलंस. आता चल."

दवाखान्यात मॅडमनी आईला खुर्ची दिली, चहा मागवला. आईनं त्यांच्याकडं बराच वेळ निरखून बघितलं.

"तुमीच होता का त्या टायमाला?" तिनं विचारलं.

"मी होते, पण मदतीला. खूप बायका होत्या. तुम्ही त्यात होता की नाही, मला सांगता यायचं नाही."

"समद्यांच्या तोंडाला फडकी. मला बी काय आठवंना." आईनं पिशवी खाली ठेवली. "बोला."

डॉक्टर मॅडमनी सरळ विचारलं. त्यांचं हे मला आवडतं. "अम्मा, तुमची मुलगी चोवीस वर्षांची आहे. एक मूल आहे. नळी बांधा म्हणते. उद्या काही वाईट झालं तर काय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुम्ही काय म्हणता?"

मला वाटलं, आता ही रडेल. मी हात पुढं करायच्या तयारीत होते. आई रडली नाही.

"मॅडम, तुमी लोकांनी नळी जोडली, लई उपकार केले," ती म्हणाली. "पर मी जे मागितलं ते तुमाला देता आलं न्हाई. कुणालाच आलं नसतं. मला माझी शिवू पायजे होती. ही झाली तवा मी तोंड बघितलं, आन् मला लगीच कळलं, ही दुसरी हाय. तरी नाव तेच ठिवलं. म्हणलं, हाक मारत राहिलं तर येईल." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "न्हाई आली. हिचं समदं येगळंच. ती गरीब होती, ही तापट. ती दह्यात गूळ खायची, ही तोंड वाकडं करून खाती, मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी खाली बघितलं. टेबलावरची काच चिरलेली होती, तिच्याखाली बुशराचा शाळेतला फोटो होता.

"मग ऑपरेशन?" मॅडमनी विचारलं.

"पोट हिचं. लेकरू हिचं. मी कशाला हाव म्हणू आन् मी कशाला न्हाई म्हणू? दहा असले तरी गेलेलं गेलेलंच असतंय, आन् एक असलं तरी असलेलं असतंय. ही सांगायलीय, तर हिचं ऐका की. मला एवढ्या लांब कशाला बोलवलं?"

डॉक्टर मॅडम हसल्या. इतक्या मोकळ्या हसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद पुढं ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. तारीख पुढच्या बुधवारची धरली. दुर्बिणीतून करणार, दुसऱ्या दिवशी घरी.

"भूल द्यायची आहे, म्हणून एकदा विचारून घेते," त्या आईला म्हणाल्या. "यांना लहानपणी कावीळ झाली होती ना?"

"हाव," आई म्हणाली. "लई जोराची. डोळे हळदीगत. निलंग्याहून माळ आणली, ती गुडघ्यापातूर..."

आणि ती थांबली. तोंड तसंच उघडं राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग परत माझ्याकडं. बाहेर बसलेल्या कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि थांबत नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "हिला न्हाई झाली. ती थोरलीला झालती. भूकंपाच्या आदल्या साली."

"आई, मला माळ आठवते की," मी म्हटलं.

"कशी आठवंल? तुझ्या आधीची हाय ती. मी सांगत गेले, म्हणून तुला आठवाय लागली. हिला काय बी झालं न्हाई मॅडम. साधी सर्दी सोडली तर काय बी न्हाई. ही लई तब्येतीची. खोडा ते."

डॉक्टर मॅडमनी कावीळ खोडली. एक आडवी रेघ, बस. माझ्या गळ्यावरचा तो खरखरीतपणा अजून होता, आजही आहे. तो कुणाचा हे मात्र मला त्या दिवशी कळलं. मी रडले. सगळ्या पालकसभांमध्ये मीच पोरांना रुमाल देते, त्या दिवशी माझ्याकडं रुमाल नव्हता आणि मॅडमनी दवाखान्यातल्या कापसाचा गोळा पुढं केला. आईनं माझी पाठ थोपटली नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि तशीच धरून बसली.

मग खाली उतरलो. वजिराबादेत दुपारची गर्दी होती, अत्तराच्या दुकानापुढं दोघं-चौघं उभे होते. शेजारच्या हॉटेलात कढई नुकतीच चढली होती. मी सरळ पुढं चालले होते. आई मागं थांबली.

"ये हिकडं," ती म्हणाली.

तिनं मिरचीची भजी सांगितली, एक पूर्ण प्लेट. कागदावरून तेल निथळत होतं. तिनं ती माझ्यासमोर सरकवली आणि स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन बसली.

"खा," आई म्हणाली. "तुला कुठं काय झालंय?"

पहिल्या घासाला जीभ भाजली, मिरची थेट डोळ्यांत आली. आई एकटक बघत होती, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी.

"आवडली का गं?" तिनं विचारलं.

चोवीस वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी दुसरं उचललं आणि म्हटलं, "लई."